इस्त्रीने चिकटवलेलं लेबल काढायचंय? आधी खर्चाचा अंदाज घ्या

शाळा सुरू व्हायच्या आधी घराघरांत गणवेशांची उलथापालथ होते. थोरलीचा शर्ट धाकट्याला बेताचा बसतो, ओळखीतल्या कुणाचं ब्लेझर कमी किमतीत मिळतं, किंवा शाळा बदलल्यामुळे खिशावरचं बोधचिन्ह बदलावं लागतं. कापड धडधाकट असतं आणि शिवणही पक्की असते. अडचण एवढीच की कॉलरच्या आत कुणा दुसऱ्याचं नाव इस्त्रीने चिकटवलेलं असतं किंवा छातीवर जुना लोगो असतो. चांगले कपडे एवढ्या कारणासाठी कपाटाच्या तळाशी जातात, याचं वाईट वाटतं. त्यातले बरेचसे थोड्या रुपयांत आणि अर्ध्या तासात पुन्हा वापरात येऊ शकतात.

लेबल सुटणं हा या कामातला स्वस्त भाग आहे. पैसे आणि वेळ खर्च होतात ते लेबलाखाली राहणाऱ्या गोंदावर आणि त्याच्याही खाली राहणाऱ्या ठशावर. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा: लेबल कोणत्या प्रकारचं आहे, कापड किती उष्णता सोसेल, आणि शेवटी थोडी खूण राहिली तर चालणार आहे का. पैसे किती घालायचे, हे या उत्तरांवर ठरतं.

आधी लेबल ओळखा

कपड्यावर चिकटलेलं दिसतं ते सगळंच इस्त्रीने निघत नाही. साधारण पाच प्रकार भेटतात.

*कापडी नावपट्टी किंवा बिल्ला.* मागे गोंदाचा थर असतो आणि नखाने कड किंचित उचलता येते. हा काढायला सर्वांत सोपा. कडेने शिवण घातलेली असेल तर आधी टाके उसवावे लागतात.

*पातळ प्लास्टिकसारखी अक्षरं.* खेळाच्या जर्सीवरचं नाव आणि नंबर बहुधा याच प्रकारचे असतात. अक्षराची कड बोटाला लागते. कापड ताणलं की अक्षरही ताणलं जातं. उष्णतेने हे निघतं, पण तुकड्या-तुकड्याने निघतं आणि गोंद मागे ठेवतं.

*डीटीएफ प्रिंट.* गणेशोत्सव मंडळांचे, मॅरेथॉनचे, सहलींचे रंगीत चित्रांचे टी-शर्ट हल्ली या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर छापले जातात. फिल्मवर छापलेलं चित्र गोंदाच्या भुकटीसह कापडावर दाबून बसवतात. थर पातळ असल्यामुळे सोलताना तुटतो, म्हणून मेहनत जास्त लागते.

*स्क्रीन प्रिंट.* जाडसर, रबरासारखी शाई. इस्त्री थेट फिरवली तर ती वितळून पसरते आणि डाग मोठा होतो. हे प्रिंट काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्यावर नवं कापड लावणंच परवडतं.

*सब्लिमेशन.* इथे रंग धाग्याच्या आतच मुरलेला असतो, वर थर असा नसतोच. हात फिरवला तर कापडाव्यतिरिक्त काही जाणवत नाही. हा कोणत्याही उपायाने निघत नाही. कुणी काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

ओळखण्याची सोपी खूण अशी: कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर वर थर आहे. नंतर कापड हलकेच ताणा. थराला भेगा पडून मधून कापड दिसलं तर तो थर जुना झालेला असतो आणि लवकर सुटतो.

मग कापडाची सहनशक्ती बघा

या लेबलांचा गोंद हा उष्णतेने मऊ होणारा आणि थंड झाल्यावर घट्ट होणारा प्लास्टिकचा प्रकार असतो. साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात तो ढिला पडतो. प्रश्न एवढाच की तेवढी उष्णता कापड सोसतं का.

उत्तर कपड्याच्या आतल्या निगा-पट्टीवर असतं. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल तर साधारण ११० अंशांपर्यंत, दोन टिंबं असतील तर १५० पर्यंत आणि तीन असतील तर २०० अंशांपर्यंत इस्त्री चालते. इस्त्रीवर फुली मारलेली असेल तर उष्णतेचा उपाय बाद.

सुती कापड सगळ्यांत सोशिक. शाळेच्या शर्टांचं टेरिकॉट मध्यम आचेवर टिकतं, पण इस्त्री जागेवर दाबून धरली की गडद रंगावर कायमची चकाकी उमटते. जर्सीच्या पॉलिएस्टरला आणि स्वेटरच्या ॲक्रिलिकला कमीत कमी उष्णता द्यावी. ॲक्रिलिक ताणलं जाऊन आकार सोडतं. रेनकोट, रेक्झीन आणि पाणी अडवणाऱ्या जॅकेटांना इस्त्री लावूच नये.

शर्टाची कॉलर, बटणपट्टी आणि ब्लेझरचा पुढचा भाग यांना ताठपणा येतो तो आत चिकटवलेल्या बकरममुळे. रेडिमेड कपड्यांत हे बकरम बहुधा अशाच उष्णतेने वितळणाऱ्या गोंदावर बसवलेलं असतं. तुम्ही वरचं लेबल सोडवायला जाता आणि आतलं बकरमही सुटून कापडावर फुगे येतात. एकदा आलेले फुगे काढणं हे लेबल काढण्यापेक्षा महागाचं काम आहे. म्हणून कॉलरवर आणि ब्लेझरच्या पुढच्या भागावर इस्त्री एका वेळी काही सेकंदच टेकवा, आणि तिथे पातळ रसायन ओतू नका.

घरी काढायचं तर साहित्याचा खर्च

पुढचे दर अंदाज बांधण्यापुरते आहेत. गाव, दुकान आणि ब्रँड यांनुसार ते कमी-जास्त होतील.

- बटर पेपर, एक-दोन ताव: ५ ते २० रुपये. इस्त्रीला गोंद चिकटू नये म्हणून.
- साधा खाकी कागद: ५ ते १० रुपये. वितळलेला गोंद शोषून घेण्यासाठी. दुकानातली खाकी पिशवीही चालते, मात्र तिला आतून प्लास्टिकचा थर नसावा.
- टाके उसवण्याचं सीम रिपर: २० ते ६० रुपये. शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतं.
- सर्जिकल स्पिरिटची १०० मिलीची बाटली: ४० ते ८० रुपये. औषधाच्या दुकानात मिळते.
- बिनरंगी नेलपॉलिश रिमूव्हर: २० ते ६० रुपये.
- नीलगिरीच्या तेलाची छोटी बाटली: ५० ते १०० रुपये.
- वीज: १००० वॉटची इस्त्री पाव तास चालवली तर जास्तीत जास्त पाव युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी अडीच रुपये.

चिमटा, कापूस, जुना पांढरा सुती कपडा आणि जुना टूथब्रश घरात असतोच. स्पिरिट, रिमूव्हर आणि नीलगिरी तिन्ही एकदम आणू नका. बहुतेक कामं कागद आणि इस्त्री यांच्यावरच भागतात. रसायन लागलंच तर एकच लागतं.

वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नये. त्याची शाई गरम कापडावर उतरते आणि एका डागाचे दोन डाग होतात.

काढण्याची पद्धत

आधी चाचणी घ्या. आतल्या दुमडीवर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, इस्त्री दहा सेकंद टेकवा. चकाकी आली, रंग बदलला किंवा कापड आकसलं तर तिथेच थांबा.

चाचणी ठीक गेली की वाफ बंद करा आणि इस्त्री निगा-पट्टीने सांगितलेल्या आचेपेक्षा थोडी कमीच ठेवा. लेबलावर बटर पेपर ठेवून इस्त्री दहा ते पंधरा सेकंद दाबा, घासू नका. जाड बिल्ला असेल तर कपडा उलटा करून कापडाच्या बाजूने उष्णता द्या, कारण गोंद बिल्ला आणि कापड यांच्या मध्ये असतो आणि जाड बिल्ल्याच्या वरून त्याच्यापर्यंत उष्णता पोचत नाही.

इस्त्री उचलल्याबरोबर एक कोपरा चिमट्याने धरा आणि लेबल कापडाला जवळजवळ समांतर, मागच्या दिशेने हळूहळू ओढा. सरळ वर खेचलं तर विणलेल्या कापडाचे धागे ओढले जातात आणि होजियरीला भोक पडतं. लेबल अडलं की पुन्हा उष्णता द्या. बोटांना चटका बसतो, म्हणून चिमटाच वापरा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

कापडी नावपट्टी दोन-तीन वेळा तापवल्यावर पूर्ण सुटते. प्लास्टिकची अक्षरं एकेक करून काढावी लागतात. डीटीएफचं तळहाताएवढं चित्र असेल तर अर्धा तास सहज जातो.

उरलेला गोंद

लेबल निघाल्यावर चकचकीत, चिकट चौकोन दिसतो. त्यावर खाकी कागद ठेवून पुन्हा इस्त्री टेकवा आणि कागद गरम असतानाच उचला. वितळलेला गोंद कागदाकडे जातो. दर वेळी कागदाची कोरी बाजू घ्या. कागदावर काही उमटेनासं झालं की हे काम संपलं.

तरीही चिकटपणा राहिला तर इस्त्रीचं बटण बंद करा, प्लग काढा आणि मगच रसायनाची बाटली उघडा. ही सूचना काटेकोरपणे पाळा. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन दोन्ही अतिशय ज्वलनशील आहेत. त्यांची वाफ दिसत नाही, पण तापलेली इस्त्री किंवा पेटता गॅस यांच्याजवळ ती भडकू शकते. खिडकी उघडी हवी, आणि हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. रसायन लावलेला कपडा वाऱ्यावर पूर्ण सुकवून, धुऊन, पुन्हा सुकल्याशिवाय इस्त्रीखाली आणू नका.

सुरुवात स्पिरिटने करा. डागाखाली पांढरा सुती कपडा घाला, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा, मिनिटभर थांबा आणि टूथब्रशने कडेकडून मधे घासा. मधून कडेला घासलं तर डाग पसरतो. खालच्या पांढऱ्या कपड्यावर कापडाचा रंग उतरू लागला तर लगेच थांबा.

नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन जास्त जोरकस असतं, म्हणून जास्त जपून वापरायचं. सुती आणि पॉलिएस्टरला ते सहसा इजा करत नाही, पण ॲसिटेट कापडाला ते अक्षरशः विरघळवतं. कोट आणि ब्लेझरच्या चमकदार अस्तरात ॲसिटेट असू शकतं, तेव्हा अस्तरावर रिमूव्हर नको. रंगीत किंवा तेलकट रिमूव्हरही नको, त्याचा स्वतःचा डाग पडतो. नीलगिरीचं तेल सौम्य असतं. चिकटपणा ढिला करतं, पण ते नंतर साबणाने नीट धुऊन काढावं लागतं.

रॉकेल, पेट्रोल आणि रंगाचा थिनर यांना हात लावू नका. वास जात नाही, आगीचा धोका मोठा आहे, आणि मुलाच्या अंगाला लागणारा कपडा आहे हे विसरता येत नाही. ब्लीचने गोंद निघत नाही, फक्त कापडाचा रंग उडतो.

ठसा राहिला तर

गोंद गेला तरी कधी कधी लेबलाच्या आकाराचा गडद चौकोन राहतो. याला डाग म्हणता येणार नाही. लेबलाखालच्या कापडाला वर्षभर ऊन आणि साबण लागला नाही, म्हणून तिथे मूळ रंग शिल्लक राहिलेला असतो आणि भोवतालचं कापड फिकं पडलेलं असतं. कितीही घासलं तरी हा फरक जात नाही. इथे आणखी पैसे घालणं व्यर्थ आहे.

यावर तीन उपाय आहेत. जागा आतली असेल तर सोडून द्या. खिशावर किंवा छातीवर असेल तर नवा बिल्ला जुन्याच जागी, किंचित मोठा घेऊन शिवून घ्या. साध्या टी-शर्टवर असेल तर वर कापडी तुकडा किंवा खिसा लावून घ्या. शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे किंवा अल्टरेशनच्या दुकानात अशा कामाचे ३० ते १०० रुपये होतात. नवा बिल्ला शाळेच्या दुकानातून घ्यावा लागला तर त्याचे वेगळे.

मानेला टोचणाऱ्या छापील लेबलाचंही असंच आहे. लहान मुलांच्या टी-शर्टवर आतल्या बाजूने छापलेला साइझ आणि ब्रँड खरखरीत लागतो. तो खरवडत बसण्यापेक्षा त्यावर मऊ सुती कापडाचा छोटा तुकडा हाताने टाचून घेणं स्वस्त पडतं आणि मुलाला लगेच आराम मिळतो. रसायनाचा अंश मानेशी राहण्याचा प्रश्नही उरत नाही.

बाहेर दिलं तर काय लागतं

महाग कपडा, रेशीम, लोकर, अस्तराचं ब्लेझर किंवा भाड्याने घेतलेला पोशाख असेल तर स्वतः प्रयोग करू नका. ओळखीच्या कारागिराकडे द्या. अंदाजाचे दर असे:

- अल्टरेशनवाला किंवा शिंपी: शिवलेला बिल्ला उसवून देण्याचे २० ते ५० रुपये, नवा शिवून देण्यासह ५० ते १५० रुपये.
- लाँड्री किंवा ड्रायक्लीनर: शर्टाचे ८० ते २०० रुपये, ब्लेझरचे २०० ते ४५० रुपये. डाग काढण्याचे बहुधा वेगळे लावतात, म्हणून आधी विचारा.
- टी-शर्ट छापणारा: जुनं प्रिंट काढून देणारे थोडेच असतात. जुन्यावर मोठं नवं प्रिंट बसवून देण्याचे, आकारानुसार, १०० ते ३०० रुपये.
- रफूगर: सोलताना भोक पडलं तर एका भोकाचे १०० रुपयांपासून पुढे.

ड्रायक्लीन केलं की गोंद आपोआप निघून जाईल, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. नावपट्ट्यांना वापरले जाणारे काही गोंद ड्रायक्लीनिंग सोसावं अशाच हेतूने बनवलेले असतात. उलट काही प्लास्टिकची प्रिंट ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाने कडक होतात आणि आणखी अडून बसतात. डाग त्या जागेवर, हाताने काढून देणारा अनुभवी माणूस दुकानात आहे का, हे महत्त्वाचं. तो नसेल तर नुसत्या ड्रायक्लीनिंगचे पैसे भरू नका.

कपडा देण्याआधी

चार प्रश्न विचारा. हा गोंद याआधी काढला आहे का? आधी आतल्या बाजूला चाचणी घेणार का? ठसा राहिला तर दर तोच का? कपडा बिघडला तर काय? उत्तरं पावतीवर दोन ओळींत लिहून घ्या. सोबत कपड्याचा रंग, कापड आणि आधीपासून असलेले दोष लिहवून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरी आधी काही रसायन लावलं असेल तर ते लपवू नका. कारागिराला ते कळलं नाही तर नुकसान तुमच्याच कपड्याचं होतं.

पावती घेतलीच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेचं किंवा मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. निष्काळजीपणाने कपडा बिघडला तर ती सेवेतील त्रुटी ठरते, आणि ‘नुकसानीस दुकान जबाबदार नाही’ अशी छापील ओळ असली म्हणून तुमचा दाद मागण्याचा हक्क संपत नाही. आधी दुकानदाराला लेखी कळवा. बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तीन हिशेब

*तीन शाळेचे शर्ट, आत कापडी नावपट्टी.* कागद २० रुपये, स्पिरिट ६० रुपये, वीज साधारण ८ रुपये. एकूण ८८, म्हणजे शर्टामागे ३० रुपयांच्या आत, आणि बाटली बरीच उरते. नवा शर्ट ४०० रुपयांना धरला तर १२०० रुपयांची खरेदी टळते. हे काम जरूर करा.

*एक ब्लेझर, खिशावर जुन्या शाळेचं बोधचिन्ह.* ब्लेझर नवं घ्यायला समजा १२०० रुपये. बिल्ला शिंप्याकडून काढून नवा थोडा मोठा बिल्ला बसवण्याचे १५० आणि बिल्ल्याचे १००, असे २५० रुपये. गोंद पूर्ण काढण्याचा आग्रह धरू नका, कारण तो नव्या बिल्ल्याखाली झाकला जाणार आहे. ड्रायक्लीनिंगची इथे गरज नाही.

*मंडळाचे पन्नास टी-शर्ट, मागच्या वर्षीचं डीटीएफ प्रिंट.* एकेकाला अर्धा तास धरला तरी पंचवीस तास लागतात, आणि ठसे राहतातच. हे काम करू नये. जुने टी-शर्ट कार्यकर्त्यांना सरावासाठी आणि विसर्जनाच्या तयारीसाठी वापरू द्या. पुढच्या वेळी छपाईत वर्ष घालू नका, म्हणजे तेच टी-शर्ट अनेक वर्षं चालतील.

ठरवण्यासाठी एक ठोकताळा सांगतो. तशाच जुन्या कपड्याची आज जी किंमत येईल, तिच्या एक चतुर्थांशापर्यंत काढण्याचा खर्च जात असेल तर काढा. निम्म्यापर्यंत गेला तर झाकण्याचा उपाय शोधा. त्याच्यापुढे गेला तर कपडा आहे तसा घरात वापरा किंवा गरजूला द्या. खरोखर गरज असलेल्याला आतल्या नावाची अडचण वाटत नाही.

पुढचं लेबल लावताना

निशाणी लागतेच. वसतिगृहात, आश्रमशाळेत आणि सैनिकी शाळेत एकाच रंगाचे शेकडो कपडे एकत्र धुतले जातात. धोबी पूर्वी बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करत; ती कितीही धुलाया झाल्या तरी जात नसे. इस्त्रीच्या लेबलाचा फायदा असा की ते काढता येतं, आणि तो फायदा लेबल कुठे लावतो यावर अवलंबून असतो.

म्हणून लेबल कॉलरवर किंवा बटणपट्टीवर लावू नका. बाजूच्या शिवणीच्या आतल्या पट्टीवर लावा. तिथे बकरम नसतं आणि खूण राहिली तरी दिसत नाही. कपडा धाकट्या भावंडाकडे जाणार हे ठाऊक असेल तर चिकटवण्याऐवजी चारही कोपऱ्यांना एकेक टाका घालून पट्टी शिवा. काढायला अर्धं मिनिट पुरतं आणि खर्च शून्य. नावाऐवजी आडनाव लिहिलं तर भावंडांमध्ये पट्टी बदलायचीही गरज राहत नाही. शाळांनीही बोधचिन्ह चिकटवलेलं न देता शिवता येईल असं वेगळं द्यावं, अशी मागणी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत करून बघा. एका निर्णयाने शाळेतल्या प्रत्येक घराचा हा खर्च वाचेल.